शेवटच्या बसनंतर

ते मोबाइल खाली ठेवा आधी. लाइट आली की बसा बघत काय ते. आणि मध्येच कुणी ‘काका, खरंच का?’ असं विचारलं, तर मी उठून सरळ झोपायला जाईन, सांगून ठेवतो.

ही गोष्ट माझ्या शेजारच्या दुकानदाराची. त्याचं घड्याळदुरुस्तीचं, माझं चष्म्यांचं, मध्ये एक पातळ भिंत. तीस वर्षं मी त्याची टिकटिक ऐकतोय. माणूस थापा मारणारा नाही. गिऱ्हाइकाला ‘उद्या देतो’ म्हणाला की उद्याच देणार, असला दुकानदार दाखवा मला दुसरा.

तर काम साधंच होतं. त्याच्या मुलाची खोली रिकामी करायची आणि किल्ली परत द्यायची. मुलगा एका बेटावरच्या शहरात नोकरीला होता, विमानाने पाच तास लांब. एकोणतीस वर्षांचा. फेब्रुवारीत कामावर जाताना रस्त्यातच कोसळला आणि गेला. कंपनीने त्याला घरी पोचवलं, पुढचं सगळं झालं, पण सामान तिकडेच राहिलं. मग घरमालकिणीचा फोन आला, महिनाअखेरीला खोली मोकळी करून द्या म्हणून.

आता यातलं दुखणं ऐका. पोराने आईबापांना तीनदा बोलावलं होतं. हा दरवेळी म्हणायचा, “दुकान कोण बघणार? पुढच्या वर्षी येऊ.” तिसऱ्या वेळी पोरगं चिडलं. “नकाच येऊ, बाबा. कधीच नका येऊ,” म्हणालं आणि फोन ठेवला. त्याचा रोज रात्री साडेनऊला फोन यायचा, तो बंद झाला. यानेही केला नाही. बाप ना, बसला अडून! आठव्या दिवशी ती बातमी आली. पोरगं आपल्यावर रागावून गेलं, हे याच्या काळजाला जे लागलं ते लागलंच.

तिकडे विमानतळावर खिडकीतल्या साहेबाने विचारलं, कशासाठी आलात? याच्या तोंडून निघालं, “फिरायला.” खरं सांगायला जीभच उचलेना. बाहेर पडले तर हवा इतकी दमट, की दोघांच्या चष्म्यांवर वाफ धरली. बायको काच पुसत म्हणाली, “फिरायला आलोय म्हणालात ना? मग फिरू. त्याला काय काय दाखवायचं होतं आपल्याला. सामान शेवटी बांधू.”

आणि फिरले की दोघं! दोन दिवस. रात्री मुक्काम पोराच्याच खोलीवर. दुमजली बसमध्ये वर, अगदी पुढे बसले. नकाशा उलटा धरून एकाच चौकाला तीन चकरा मारल्या. दहा मिनिटं धो धो पाऊस, लगेच कडक ऊन, शर्ट पिळून काढावा असा घाम, आणि दुकानात शिरावं तर असला गारठा की ही कान झाकून घ्यायची. बोटीत बसले, पाय सुजेस्तोवर बाजार हिंडले. प्रत्येक ठिकाणी ती म्हणायची, “अगदी तो सांगायचा तसंच आहे.” हा म्हणायचा, “हो.” एवढंच.

घड्याळ मात्र याने बदललं नव्हतं. घड्याळजी असून! मनगटावर आपल्या इकडचीच वेळ. साडेनऊ कधी वाजतात ते मला कळायला हवं, म्हणायचा. तिकडची वेळ हवी असली की अडीच तास मिळवायचे.

मार्चचा दुसरा शुक्रवार होता. गावाच्या पार टोकाला समुद्रावर गेले होते. परतीची शेवटची बस तिकडच्या साडेदहाला. बाकावर बसल्या बसल्या तिने विचारलं, “अहो, तो रागावूनच गेला का हो आपल्यावर?”

तिने ओढणीत तोंड खुपसलं आणि रडली, पोटभर रडली. याने मध्ये घड्याळ बघितलं, पावणेआठ. वेळ आहे अजून, म्हणून बसून राहिला. पुन्हा बघितलं तेव्हा नऊ. अडीच तास मिळवायचे होते... ते विसरला. आयुष्यभर जगाच्या वेळा लावून दिल्या आणि त्या रात्री स्वतःची चुकला.

थांब्यावर आले तेव्हा मनगटावर नऊ वाजून दहा. म्हणजे तिकडचे अकरा चाळीस.

तिथे कुणी नाही. एक दिवा. टॅक्सी नाही. फोनची बॅटरी संपलेली.

“अगं...” म्हणाला, “शेवटची बस गेली.”

आणि बस आली.

आवाज नाही. दार उघडलं. ड्रायव्हरचा चेहरा अंधारात. हा पैसे काढायला गेला, तर दार मिटलं. बस निघाली. आत गारठा... फार गारठा.

सगळ्या जागा रिकाम्या. फक्त पहिल्या बाकावर एकजण. पाठमोरा. मान जराशी खाली.

हिने याचं मनगट धरलं. घट्ट.

थांबे जात होते. बस कुठेच थांबत नव्हती. आपलं ठिकाण कोणतं, अंधारात कळेना. काच काळी. मग पुढच्या त्या माणसाने हात वर केला. घंटी दाबली.

बस थांबली.

“सावकाश उतरा, बाबा. आईचा हात धरा.”

आपल्या भाषेत. मान वळवली नाही.

पाय खाली टेकले. “अरे, बाळा...” ती म्हणाली. दार मिटलं. समोर पोराच्या इमारतीचं फाटक होतं.

ती याच्या छातीवर मुठी मारायला लागली. “हाक का नाही मारलीत? तुम्ही तरी हाक का नाही मारलीत!”

“मारली असती तर त्याने वळून बघितलं असतं,” हा म्हणाला. “मग मला त्याला सोडवलं नसतं गं.”

हे मला सांगताना तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. मी जाऊन शेजारी बसलो.

सकाळी घरमालकिणीला विचारलं. ती म्हणाली, साडेदहानंतर त्या रस्त्याने बस नाही, कधीच नव्हती. तिला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय बिचाऱ्यांचं. हाही म्हणाला, असेल. मग बॅगा भरताना रात्रीचा शर्ट घडी करायला घेतला, तर खिशात बसचं तिकीट. याने तर काढलंच नव्हतं.

भुताबिताला मी मानत नाही. चष्मेवाला आहे मी, दिसतं तेवढं खरं. पण ते तिकीट मी माझ्या हाताने भिंगाखाली धरलंय. असल्या तिकिटांची शाई सहा महिन्यांत उडते. या गोष्टीला सात वर्षं झाली, अक्षर न् अक्षर अजून काळंभोर आहे.

तारीख त्याच शुक्रवारची. वेळ अकरा चाळीस. आणि खाली छापलंय... प्रवासी, तीन.