लोरिसची पाळी

तोबिया, चेस्टनटची थाळी इकडे सरकव आणि दार लावून घे. गार वारा येतोय.

घड्याळं तासभर मागे करतात तो रविवार, ऑक्टोबरचा शेवटचा, त्या संध्याकाळची ही गोष्ट. गेल्याच वर्षीची. घडली ती एर्मेस फाव्रेत्तोच्या बाबतीत. त्याला तुम्ही सगळे ओळखता, म्हणून आधीच बजावतो, त्याला जाऊन विचारू नका. मला त्याने एकदाच सांगितलं, तेही दारूचा थेंब न घेता. आता विषय काढला की तो उठून जातो.

काम साधं होतं. आपल्या सायकल क्लबातलं कुणी गेलं की मृतांच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा झाली की, त्याची जर्सी या खोलीत भिंतीवर लागते. घरचे देतात, कप्तान जाऊन आणतो. त्या वर्षी जर्सी लोरिस बोर्तोतची होती आणि कप्तान एर्मेस. लोरिसची बायको नेरीना राहते टेकडीपलीकडे, रोंकाल्तोला. एर्मेस दुपारी साडेतीनला सायकलवर निघाला. उजेडात जाऊन उजेडात परत यायचं, म्हणून दिवा घेतला नाही. सकाळी स्वयंपाकघरातलं घड्याळ त्याने स्वतःच्या हाताने मागे केलं होतं, पण अंधार आता तासभर आधी येणार हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

लोरिस कसा होता, ते नव्या पोरांना सांगायला हवं. तो कधी म्हणून पुढे आला नाही. पुढचा वारा फोडतो आणि मागचा त्याच्या आडोशाने फुकटात येतो, हे मी तुम्हाला शिकवायला नको. म्हणून तर पाळी असते. पुढचा दमला की कोपर झटकतो, मागच्याने पुढे यायचं. लोरिसपुढे कोपर झटकून झटकून लोकांचे खांदे दुखायला लागले, पण हा बाबा ढिम्म. त्याचं डावं पेडल किरकिरायचं. किर्र... किर्र... तेवढीच त्याची हजेरी. मी कितीदा म्हटलं, आण, तेल घालून देतो. आणेल तर शपथ.

पावसात तर त्याची फार शोभा व्हायची. पुढच्या चाकाचा चिखल मागच्याच्या छातीवर उडतो. एर्मेस घरी यायचा तो पुढून कोरा. लोरिस पोटापासून भुवयांपर्यंत बरबटलेला. क्लबाच्या जेवणात एर्मेस सगळ्यांदेखत नेरीनाला म्हणायचा, "नवऱ्याला सांग, जन्मात एकदा तरी पुढे ये. तुझा साबण वाचेल." सगळे खो-खो हसायचे. नेरीना ताटात बघत राहायची.

त्या वर्षी मार्चमध्ये, भर पावसात, एर्मेसने ठरवलं की आज याला मागे सोडायचाच. वीटभट्टीच्या जुन्या मातीच्या खाणीआधीचा उतार आला तसं त्याने जोर लावला, बाकीचे त्याच्या मागे. किरकिर लांब गेली, मग थांबली. कुणीतरी म्हणालं, "बघूया का जरा?" एर्मेस म्हणाला, "मागे बघायचं नाही." आपल्यात तसंही कुणी बघत नाही. मागे बघितलं म्हणजे दमलास, असा हिशेब.

लोरिस दुसऱ्या दिवशी सापडला. खाणीच्या वळणावर सरळ खाली गेला होता. तोंड निळ्या चिकणमातीत.

आता एर्मेस जर्सी आणायला गेला तो या बाईकडे.

"आलास?" नेरीना दारातच उभी राहिली.

"जर्सी न्यायला आलो."

"ठाऊक आहे. थांब, इस्त्री करते."

"राहू दे गं. घडी करून दे, चालेल."

"भिंतीवर लागणार ना? चुरगळलेली कशी देऊ? तुम्ही लोक हसाल. तुम्हाला हसायला निमित्त लागत नाही."

तिने त्याला अंगणातच उभं ठेवलं. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. खिडकीतून दिसत होतं, ती एकच बाही पुन्हा पुन्हा दाबत होती. सूर्य टेकडीमागे गेला. एर्मेसने दोनदा हाक मारली, ती "झालंच" म्हणाली आणि इस्त्री पुन्हा तापत ठेवली. अंगणातली कोंबडी झाडावर चढली तेव्हा कुठे ती बाहेर आली.

तिने जर्सी त्याच्यासमोर उलगडून धरली. आपली पांढरी, हिरव्या पट्ट्याची. छातीवर निळसर डागांची नक्षी, गळ्यापर्यंत.

"कितीदा धुतली. जात नाही," ती म्हणाली. "तुझी कधी अशी झाली?"

"नाही."

"कशी होईल? तू पुढे असतोस."

एर्मेसने जर्सीची गुंडाळी केली आणि पाठीवरच्या खिशात खोचली. "अंधार पडला, नेरीना. एखादा दिवा असला तर दे. उद्या आणून देतो."

"त्याचा होता. तो त्याच्याबरोबर खाली गेला." तिने दार ओढलं आणि फटीतून म्हणाली, "आणि जाताना मागे बघत जा. तुमच्यात बघत नाहीत म्हणे."

चढ त्याने रागातच काढला. मारियामातेच्या घुमटीपाशी पोचला तेव्हा आभाळाच्या कडेला हातभर उजेड उरला होता. तिथून पुढचा रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. टेकडीच्या धारेवर सपाट, दोन्हीकडे पानं गळालेले द्राक्षमळे, मग उतार, मग खाणीचं वळण. गाडी नाही, माणूस नाही. समोरून बोचरा वारा. त्याला एवढंच हवं होतं की पुरता काळोख व्हायच्या आत ते वळण मागे पडावं.

घुमटी मागे गेली आणि त्याला आवाज आला.

किर्र... किर्र...

त्याला आधी वाटलं, आपलीच साखळी. त्याने पाय थांबवले. आवाज थांबला नाही. मागून येत होता, अगदी चाकाला चाक लावून.

मागे बघितलं का? नाही बघितलं. एर्मेस तो. तीस वर्षं सायकल चालवली, कधी मागे बघितलं नाही आणि कधी मागे पडून कुणाचं चाक सोडलं नाही, हीच त्याची मिजास. त्याने मनाची समजूत घातली की रोंकाल्तोचं एखादं पोरगं आपल्या आडोशाने फुकट येतंय. त्याने वेग वाढवला. किरकिर वाढली. त्याने कमी केला. किरकिर कमी झाली. वारा तोंडावर, अंगात घाम, आणि मागे ते. मग त्याला संताप आला. आयुष्यभर ज्याचा आला तोच संताप.

आणि त्याने कोपर झटकलं.

नुसती सवय. तुम्हीही तेच केलं असतं. हात आधी हलतो, डोकं मागून येतं.

किर्र... बाजूने आली.

एक पांढरी पाठ त्याच्या पुढे सरकली. हिरवा पट्टा. आपली जर्सी. वारा थांबला. पुढे माणूस आला की वारा थांबतोच, पण एर्मेस म्हणतो, त्या आडोशात ऊब नव्हती. विहिरीत उतरल्यासारखं गार होतं.

"कोण रे?" त्याने विचारलं.

किर्र... किर्र...

"कुठल्या क्लबाचा तू?"

...

पुढच्याने वेग वाढवला. फार नाही. एर्मेसला जेमतेम झेपेल एवढाच. एर्मेस दात खाऊन मागे राहिला. त्याच्या मनात आलं, सोडून द्यावं. पण सोडायचं कुणाला? त्या किरकिरणाऱ्या पेडलला? ज्याला सगळ्यांदेखत हसलो, त्याच्याकडून हरायचं? पाय थरथरत होते आणि तो सोडत नव्हता.

उतार लागला.

तेव्हा पुढच्याची मान वळायला लागली. मागे. हळूहळू. एर्मेस अजून चाकाला आहे का गळाला, ते बघायला. खांद्यापर्यंत वळली... आणि थांबली नाही.

एर्मेसने डोळे खाली घातले. चेहरा बघायचा नव्हता त्याला. चाकाकडे बघत राहिला. फक्त चाकाकडे. रस्ता दिसेना. कडेचे दगड दिसेनात. चाक. चाक. तोंडावर थेंब उडायला लागले. गार. मातीचा वास.

पाऊस नव्हता.

वास ओळखीचा होता...

चाकाखाली खडी वाजली. डांबरावर खडी नसते. खडी असते ती कडेला. वळणाच्या बाहेर.

एर्मेसने ब्रेक दाबले. एक हात अंतर पडलं. मग दोन. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने चाक सोडलं. मला सांगताना तो या चाक सोडण्यावरच रडला, पडल्याचं सांगताना नाही रडला. सायकल आडवी गेली, तो गवतावर घसरत गेला आणि एका खांबाला धरून राहिला. त्या खांबाला नेरीनाने प्लॅस्टिकची फुलं बांधलेली आहेत. पाय खाली लोंबत होते.

आणि पांढरी पाठ गेली सरळ.

रस्ता वळला. ती नाही वळली. खाली पडली नाही. खाणीवर, नुसत्या काळोखावर, तशीच सपाट जात राहिली. किर्र... किर्र...

मग पाय थांबले.

ते तिथेच उभं राहिलं. अधांतरी.

आणि त्याने कोपर झटकलं.

...

आता तुझी पाळी.

...

एर्मेस तिथून कसा उठला, ते त्यालाही सांगता येत नाही. माझं सायकलीचं दुकान वळणापासून सगळ्यात जवळ. मी दार उघडलं तर हा समोर, चाक वाकडं, गुडघा फुटलेला. त्याला दिव्याखाली घेतलं. पोटापासून भुवयांपर्यंत चिखल. निळा. ओला. आणि द्राक्षं काढली तेव्हापासून पावसाचा थेंब नव्हता, रस्त्यावर धूळ उडत होती.

काय म्हणतोस तोबिया? खाणीत पडला असेल? अरे शहाण्या, तो गवतावर पडला, कुशीवर. पडल्याचा चिखल लिंपतो. चाकाचा चिखल उडतो, खालून वर, बारीक बारीक थेंबांनी. जन्म गेला माझा त्या जर्स्या बघण्यात, मला सांगतोस?

पाठीवरच्या खिशातून एर्मेसने ती गुंडाळी काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली. इस्त्रीची घडी तशीच होती. मी उलटून बघितली, पुन्हा सुलटी केली, दिवा जवळ ओढला.

पुढच्या रविवारी नेरीना आली, इथेच, काळ्या कोटात. जर्सी भिंतीवर लागली होती. तिने छातीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. मग एर्मेसकडे वळली.

"आला का पुढे?" तिने विचारलं.

एर्मेसने मान खाली घातली. त्याने कप्तानपद सोडलं. आता आपल्याबरोबर येतो तेव्हा सगळ्यांच्या शेवटी असतो, आणि घडीघडी मागे बघतो. तुम्ही त्याला हसता, ते मी बघतो.

जर्सी अजून इथेच आहे. तोबिया, तू बसलायस त्याच्या बरोबर मागे, भिंतीवर. छातीवर शोधून एक डाग सापडायचा नाही, दुकानातून आज आणल्यासारखी पांढरी. वळून बघ की.

...

काय रे? मागे बघायला काय झालं?