भात्याची बाजू वर

सामानाचा पट्टा पुन्हा फिरून समोर आला, आणि काळ्या चौकोनी खोक्याच्या मुठीवर एकदम दोन हात पडले. एक तिचा. दुसरा कुणा उंच, सावळ्या अनोळखी माणसाचा.

"अहो, सोडा! माझ्या वडिलांची पेटी आहे ती."

"असेल. पण तुम्ही उलटी उचलताय. भात्याची बाजू वर हवी."

तिने मान वाकडी करून पाहिलं. पेटी खरंच उलटी होती. परक्या देशात पाय ठेवतो न ठेवतो तोच कुणी शिकवू लागलं की कसं वाटतं, तसं तिला वाटलं. हमाल दिसतोय, पण बोलतो चुरूचुरू. तिने बाकीच्या तिन्ही बॅगाही त्याच्याकडे बोट करून दाखवल्या. त्याने निमूट गाडीवर चढवल्या. बाहेर पडल्यावर, आधीच येऊन थांबलेल्या काकांनी हमालालाच मिठी मारली.

"पिपाणी, हा आपला नवा पेटीवाला! इथल्या शाळेत पोरांना गाणं शिकवतो. सुट्टीभर आपल्याबरोबर फिरणार."

तिचे कान तापले. लहानपणी फार कर्कश रडायची म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव घरापुरतं होतं, तेही त्याच्यासमोर फुटलं. तो मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "हमाली किती झाली, पिपाणीताई?"

घरचीच मंडळी होती. काका तबल्यावर, काकू आवाजाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन, ती गायला. पेटीवर बाबा असायचे. दौरा त्यांनीच ठरवला होता, आणि थंडीत ते गेले. मागे राहिली त्यांची पेटी, आणि तिच्या रियाजासाठी त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवलेली सगळी गाणी, फक्त पेटीवर. तिने काकांना अट घातली होती: कार्यक्रमात बाबांची मुद्रित पेटीच लॅपटॉपवरून वाजेल, नाहीतर मी गाणार नाही.

पण रिकाम्या पेटीकडे बघून लोक काय म्हणतील? म्हणून कुणीतरी बसायला हवं होतं. पेटीच्या पुढच्या खुंट्या आत ढकलल्या की हवा सुरांपर्यंत पोचत नाही. पट्ट्या कितीही दाबा, पेटी मुकी.

"म्हणजे मी नुसतं बसायचं?" पहिल्या तालमीला त्याने विचारलं.

"बोटं हलवायची. भाता जरासा."

"आणि टाळ्या?"

ती पेटीच्या खोक्याला हात लावून उभी होती. त्या हाताकडे बघून तो म्हणाला, "बरं."

"शब्द द्या. ह्या पेटीतून दुसऱ्या कुणाचा सूर निघणार नाही."

"दिला."

असा दौरा सुरू झाला. व्हॅन तोच चालवायचा. मागे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून ती पुढे, त्याच्या शेजारी. लाल दिवा लागला की त्याची बोटं स्टिअरिंगवर काहीतरी वाजवू लागायची. दिवा हिरवा झाला की मिटायची.

"तुम्ही 'हो' का म्हणालात?" एकदा तिने विचारलं.

"शाळेत वर्षभर चाळीस पोरं बेसूर ऐकतो. म्हटलं, सुट्टीत एखादं माणूस सुरात ऐकावं. जवळून."

"एखादंच?"

"काकूही गातात की, व्हॅनमध्ये."

"ऐकू येतंय हो मला, मौनीबाबा!" मागून काकू ओरडल्या. व्हॅनभर हसू पिकलं. त्याचं नाव तेच पडलं. तोही हसला. पण नाव कुणामुळे पडलं हे तिला ठाऊक होतं, आणि त्या हसण्यात तिला पुरतं सामील होता आलं नाही.

एका सभागृहाच्या मागच्या दारी पावसाने गाठलं. त्याने अंगातलं जाकीट काढून पेटीवर घातलं, आणि स्वतः निथळत आत आला.

"अरे, तुला सर्दी होईल ना!"

त्याने केस झटकले. "आज 'अहो' कुठे विसरलात?"

"व्हॅनमध्ये... बहुतेक."

"राहू दे मग तिथेच. माझंही ठेवतो शेजारी."

त्या दिवशी ती नेहमीपेक्षा चांगली गायली. गाताना कानातल्या इअरफोनच्या बोंडात बाबांची पेटी ऐकू यायची. अंतऱ्याआधी बाबा हळूच "हं" म्हणायचे, तेही. ते "हं" फक्त तिला आणि पेटीवाल्याला ऐकू जायचं, सभागृहात जाण्याआधी काकू ते गाळायच्या. बाबा आहेत असं तेवढ्यापुरतं वाटायचं. त्या "हं"साठीच तर ती रोज गात होती.

मग ते झालं. भरगच्च सभागृह, दुसरं गाणं. अंतरा येणार, आणि काकूंचा लॅपटॉप काळाठिक्कर पडला. पेटीचा सूर मध्येच तुटला. तबला चालू, आणि त्याची बोटं मात्र सवयीने पट्ट्यांवर धावतच राहिली. आवाजाचा पत्ता नाही.

पुढच्या रांगेत कुजबुज झाली. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हात खुंटीपाशी होता. एक खुंटी बाहेर ओढायची, बस. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

ती खाली वाकली आणि पाण्याची बाटली शोधू लागली.

"अहो, पेटी वाजवताय की इस्त्री करताय?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळं सभागृह हसलं. पोरंटोरंसुद्धा.

खुंटीवरचा हात त्याने काढून घेतला. उभा राहिला, हात जोडले. "माफ करा. चूक माझी." काकांनी कसाबसा तबल्याचा एकल तुकडा सुरू केला, आणि काकूंनी लॅपटॉप जिवंत केला. पुढची सगळी गाणी ती गायली. कानात बाबा "हं" म्हणत होते, आणि पहिल्यांदाच तिला ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी ती व्हॅनमध्ये मागे बसली. मळमळ झाली तर झाली. पुढे त्याची मानगूट दिसत होती. लाल दिव्याला त्याचे हात स्टिअरिंगवर नुसते पडून होते.

काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "भाऊजींनी आयुष्यात कुणाला खोटं वाजवायला लावलं नाही गं." ना आवाज चढवला, ना टोमणा मारला. त्यांनी चांगला सणसणीत टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पेट्रोल पंपावर काका-काकू चहा घ्यायला गेले. तो काच पुसत होता. ती जवळ जाऊन उभी राहिली. 

"काल... मी बघायला हवं होतं."

"बघितलंस. मग बाटली शोधलीस."

"रागावलास?"

"नाही गं." तो फडका पिळत राहिला. "लाज वाटली. लोकांची नाही, ते काय, हसतात. तुझ्या बाबांच्या टाळ्या मी इतके दिवस खाल्ल्या, त्याची. काल पकडलो गेलो इतकंच."

"मग पहिल्याच दिवशी 'नाही' म्हणायचं होतंस!"

"म्हणणार होतो. पण तू पेटीच्या खोक्याला असा हात लावून उभी होतीस... झोपलेल्या माणसाला लावतात तसा." त्याने फडका खिशात कोंबला. "उद्याचा शेवटचा कार्यक्रम करतो आणि घरी जातो. शाळाही उघडतेच आहे. तसा उद्या आलो नाही तरी अडणार नाही तुमचं. बोटं कुणीही हलवेल."

तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण पेट्रोल पंपाची जमीन ती, डांबरी. ढिम्म हलली नाही.

शेवटचा कार्यक्रम दुपारचा होता. उंच खिडक्यांतून ऊन थेट मंचावर येत होतं. सुरुवातीला ती कलाकारांची ओळख करून द्यायची. तबल्यावर काका, ध्वनी सांभाळायला काकू. "आणि पेटीवर..." म्हणून ती रोज हात करायची आणि थांबायची. नाव तिने एकदाही घेतलं नव्हतं. टाळ्यांत ते खपून जायचं.

"आणि पेटीवर..." ती म्हणाली.

टाळ्या सुरू झाल्या. तिने हात वर करून त्या थांबवल्या. कानातलं बोंड काढलं. काकूंकडे बघून मान हलवली. काकूंनी काही न विचारता लॅपटॉप मिटला. मग ती पेटीपाशी गेली, सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसली, आणि एकेक करून खुंट्या बाहेर ओढल्या.  शेवटची घट्ट बसली होती, पण त्याने ती स्वतः ओढली नाही. तिचीच वाट बघितली. तिने पुन्हा जोर लावला. निघाली.

"मी शब्द दिला होता," तो पुटपुटला.

"मी मागायला नको होता."

ती माइकशी परत आली. "इतके दिवस गावोगावी लोकांनी माझ्या बाबांची ध्वनिमुद्रित पेटी ऐकली आणि टाळ्या ह्यांना दिल्या. ते मी करवलं. परवा लोक ह्यांना हसले तेव्हाही मी गप्प बसले." आवाज चिरकला. पिपाणीसारखाच. "आज पेटीवर खरंच..." आणि तिने त्याचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

आवाजाच्या टेबलामागून काकू बोलल्या, "घेतलं बाई एकदाचं नाव!" त्यांचा माइक बंद असला तरी पुढच्या दोन रांगांना ते ऐकू गेलंच. त्या रांगा हसल्या. काका तबल्यात तोंड घालून बसले.

त्याने भाता ओढला. पहिलाच सूर धुळीने चिरकला. आता दोन पिपाण्या, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांत चमकलं, आणि तिला हसू आलं. मग पेटी मोकळी झाली. ते बाबांसारखं नव्हतं. बाबा सूर पुढे टाकून तिला बोलवायचे. हा तिच्या मागून येत होता, हलक्या पावलांनी, पावसात कुणाच्या डोक्यावर छत्री धरत यावं तसा. अंतऱ्याआधी तिने सवयीने कान दिला. "हं" आलं नाही.  तिने त्याच्याकडे पाहिलं.

तो थांबला होता. नुसता एक सूर धरून, ती श्वास घेईपर्यंत.

तिने श्वास घेतला.

निरोपाला बसथांब्यावर फक्त ती आणि तो. काका-काकू व्हॅनमध्ये, मुद्दाम उलट्या दिशेला तोंड करून बसलेले. त्याच्या खांद्यावर एकच पिशवी होती. तिने खोकं पुढे केलं.

"हे काय?"

"धूळ बसलीये. वाजवणारं कुणी हवं तिला."

"आणि तुझ्या बाबांची आठवण?"

"ती येईन ना मी बघायला." तिने मान खाली घातली. "पेटीबरोबर... तुलाही. चालेल?"

 बस आली. दोघांचेही हात मुठीवरच होते, आणि ड्रायव्हरने भोंगा वाजवला तरी एकानेही आधी सोडला नाही.

"काल काय म्हणालो होतो?" तो म्हणाला. "आलो नाही तरी अडणार नाही तुमचं. खोटं होतं ते."

"माहीत होतं मला." तिने मूठ सोडली. "आणि नीट ने. भात्याची बाजू वर."