फोन ऐकेल ते

आमच्या आईचे मेसेज म्हणजे एक प्रकरण होतं. टाइप करायचा तिला भारी कंटाळा. माइकचं बटण दाबून ती बोलायची आणि फोन ऐकेल ते सगळं लिहायचा. 'ठमे जेवलीस का अगं तुझा निळा ड्रेस इथेच राहिलाय अहो दूध उतू जातंय बघा ना काय माणूस आहे.' ठमी म्हणजे मी. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेते. आईचं हे चऱ्हाट वाचायला मला कुठला वेळ? न वाचताच अंगठा पाठवून मोकळी व्हायचे.

तिच्या शेवटच्या मेसेजलाही मी अंगठाच दिला. गळका नळ, शेजारणीची सून, पडद्याचं कापड, आणि मधेच कुठेतरी 'सकाळपासून छातीत कळ येतेय गं'. बाबा बाहेर गेले होते. मी ते वाचलं तेव्हा ती गेलेली होती. सगळे रडत असताना मी तिच्या फोनमधून तो मेसेज पुसून टाकला. सांगायला लाज वाटते, पण पुसला.

बाबा अजून म्हणतात, "एका शब्दाने कुणाला बोलली नाही बघ." मी नुसती मान हलवते. त्यांना कळलं तर ते माझं तोंड बघणार नाहीत, आणि मला तरी दुसरं कोण आहे?

पुढे बाबांचा फोन बंद पडला, तसा त्यांनी आईचा घेतला. तिच्यासारखेच बोलून मेसेज पाठवायला लागले. आता मात्र मी अक्षरन्‌अक्षर वाचते. एकदा आलं, 'बरा आहे काळजी करू नको अहो गोळी घेतलीत का दुकानात गर्दी आहे का.' म्हटलं, टीव्ही चालू असेल. विचारलं तर म्हणाले, टीव्ही कधीचा बंद आहे, घरात मी आणि भिंती. पाठवलेलं ते परत वाचत नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

मग आलं, 'भेंडी आणली अहो जून आहे ही बघून घ्यायची ना.' कुणी शेजारीण आली असेल, असं मी स्वतःला समजावलं.

मग आलं, 'रविवारी जेवायला ये बाळ ठमे वाचतेस ना.'

बाबा मला बाळ म्हणतात. ठमे म्हणणारं माणूस एकच होतं.

रविवारी गेले. जेवणं झाली, बाबा चहा टाकायला आत गेले. फोन टेबलावर होता. मी माइकचं बटण दाबलं आणि गप्प बसले. आतून गाळणं आपटल्याचा आवाज आला. स्क्रीन कोरी. माझं मलाच हसू आलं.

आणि मग कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"आई, तू सांगितलं होतंस. मी वाचलंच नाही गं. नुसता अंगठा दिला, आणि नंतर पुसून टाकलं. बाबांना कुठल्या तोंडाने सांगू?"

शब्द एकेक करून उमटले.

मी थांबले.

ते थांबले नाहीत.

'माहीत आहे ठमे हळू बोल जरा अहो कप खाली ठेवा हात थरथरतोय तुमचा'

माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, बशीत कप किणकिणत होता.