चौथ्या ओळीतला निळा तुकडा

मी गेले होते पर्सची चेन बदलून घ्यायला. एवढंच काम. पण आमच्या मजल्यावरच्या मशीनताईकडे गेलं की एवढ्याशा कामाला तास लागतो. तिच्या खोलीत बघण्यासारखं फार असतं, आणि बघितलं की विचारावं लागतंच. आमचे हे म्हणतात, "तू चौकशी करत नाहीस, पंचनामा करतेस." म्हणू देत.

मशीनताई जुन्या टी-शर्टांच्या गोधड्या आणि उशा शिवते. कुणाची मुलं मोठी होतात, कुणाचं माणूस जातं, मग लोक बोचकं घेऊन तिच्याकडे येतात. ती प्रत्येक टी-शर्टाचा छातीकडचा मोठा चौकोन पार खालच्या शिवणीसकट कापते आणि चौकोनाला चौकोन जोडत जाते. बाह्या, गळे, पाठी बारीक कातरून उशीत भरते. चिंधीसुद्धा फेकत नाही. अट एकच, कपडे न धुता आणायचे.

त्या दिवशी तिच्या मशीनवर नर्सबाईंची गोधडी होती.

नर्सबाई आमच्या समोरच्या. त्यांचे यजमान आमच्या ह्यांच्याच कारखान्यात फोरमन होते, आमचे हे तिथं स्टोअरला. दोन महिन्यांपूर्वी फोरमन गेले, अगदी उभ्या उभ्या. नर्सबाईंना त्यांचं कपाट उघडवेना. मग सोळा टी-शर्टांचं बोचकं मीच बांधलं होतं. त्यातला निळा टी-शर्ट शेवटच्या दिवशी अंगात होता, घामानं कडक झालेला. असा कपडा परक्या हातात कसा द्यायचा? मी तो आमच्या कपड्यांबरोबर धुतला, गच्चीवर वाळत घातला आणि घडी करून बोचक्यात ठेवला. ताईला बोलले नाही. तिला कशाला कळतंय, म्हटलं.

"वहिनी," मशीन थांबवून ताई म्हणाली, "चौथ्या ओळीतल्या ह्या निळ्यावर हात ठेवा जरा."

ठेवला. बाकीचे चौकोन थंड होते. निळा मात्र कोमट, नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखा.

"मशीनच्या दिव्यानं तापला असेल," मी म्हटलं.

"दिवा सकाळपासून बंद आहे," ताई म्हणाली.

गोधडी आणि उशी शिवून घरी गेली, आणि नर्सबाई माणसात आल्या. दवाखान्याची ड्यूटी पुन्हा धरली. मला बरं वाटलं. आणि आमच्या घरी त्याच आठवड्यात नळ दुरुस्त झाला.

हसू नका. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी ह्यांना भिंतीत खिळा ठोकता आलेला नाही. रविवारी दुपारी उठले, पाना मागितला (घरात पाना आहे हे मलाच माहीत नव्हतं) आणि दहा मिनिटांत नळाचं गळणं थांबवलं. मग पंखा, मग कुकरचा दांडा. मी सगळ्या मजल्याला बोलावून दाखवलं. "वय झालं की अक्कल येते हो," म्हटलं.

पण त्यांच्या हाताला ग्रीसचा वास यायला लागला. साबणानं घासले तरी. चहात साखर नको म्हणाले. त्यांना, साखर नको! भर दुपारी पाय बर्फासारखे. आणि एका संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली, आपल्याच माणसाची, ओळखीची. पण ती आमच्या दाराशी थांबली नाहीत. मी दार उघडून बघितलं तर हे नर्सबाईंच्या दारापुढं उभे राहून बूट काढत होते.

"अहो... इकडे."

माझ्याकडे बघितलं. कोण ही बाई, असं. मग म्हणाले, "हो की," आणि आत आले.

तुमच्या मनात आलं तेच माझ्याही आलं. बायकांच्या मनात आधी तेच येतं. दुसऱ्या दिवशी मी नर्सबाईंकडे जाऊन ठाण मांडलं. चेहरा वाचायचा होता. चेहरा निर्मळ होता, उलट बाई मला गुपित सांगायला टपलेल्याच होत्या.

"वहिनी, हसाल तुम्ही. गोधडी रात्री गरम असते. माणूस शेजारी असावं तशी. त्या निळ्या तुकड्यापाशी कान नेला ना, की ते बोलतात."

"काय बोलतात?"

"एकच. ‘अगं, चष्मा कुठंय?’" नर्सबाई हसल्या. "गंमत म्हणजे आमच्यांना चष्मा नव्हता हो."

सव्वीस वर्षं रोज सकाळी, डोक्यावर चष्मा ठेवून, हाच प्रश्न मला विचारला जातो. आणि गेला महिनाभर विचारला गेला नव्हता. हे चष्म्याशिवाय पेपर वाचत होते.

घरी येऊन ह्यांचा निळा टी-शर्ट काढला. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सगळ्यांना वाटलेला, एकच रंग, एकच छाप. आणि ह्या दोघांची पोटंही एकाच मापाची. आमचे कपडे बाहेर इस्त्रीला जातात म्हणून मी प्रत्येकाच्या खालच्या शिवणीत आतून लाल दोऱ्याची फुली घालते. ह्या टी-शर्टाला फुली नव्हती.

गच्चीच्या दोरीवर दोन निळे टी-शर्ट शेजारी शेजारी होते. मी एक काढला होता. चुकीचा. आमच्यांचा गोधडीत गेला आणि गेलेल्या माणसाचा मी महिनाभर आमच्यांच्या अंगात घालत होते.

मशीनताईनं ऐकून घेतलं. रागावली नाही, तेच वाईट.

"धुतलात?"

"धुतला... त्यात फुली बघायचीही राहिली."

"न धुतलेला असता तर वासावरून मलाच कळलं असतं, की हा बाकीच्या पंधरांतला नाही. म्हणून तर अट आहे." तिनं कात्री पुसली. "चौकोन उसवून देते. त्यांचा खरा तिथं लावते. पण वहिनी, उशीचं काय? तुमच्यांच्या बाह्या, पाठ, सगळं कातरून त्यात मिसळलंय. ते कसं निवडणार?"

नर्सबाईंना सांगायला मी दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी सांगितलं. त्या बराच वेळ निळ्या तुकड्यावरून बोटं फिरवत राहिल्या.

"म्हणजे... मी ज्यांच्याशी बोलत होते ते भाऊजी होते?"

"हो."

"शी! काय काय बोलले हो मी!" असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मीही रडले. गोधडी त्यांनी स्वतः घडी करून माझ्या हातात दिली. मग दोन्ही हातांनी उशी छातीशी धरली. "एवढी राहू दे, वहिनी. पंधरा तर त्यांचेच आहेत ना हिच्यात? आणि उशी काही बोलत नाही."

त्या बाईकडे बघून नाही म्हणवेना. राहू दे, म्हटलं.

ताईनं निळा चौकोन उसवला तेव्हा आत लाल फुली होती. त्या जागी फोरमनचा चौकोन लागून गोधडी नर्सबाईंकडे परत गेली. आमचा चौकोन मी घरी आणून ह्यांच्या गादीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून हाक आली, "अगं, माझा चष्मा कुठंय?" मी पोळपाटावरच डोकं टेकून देवाचे आभार मानले. चहात दोन चमचे साखर. नळ पुन्हा गळायला लागला. गळू दे, म्हटलं.

आठ दिवस असे सुखाचे गेले. मग एकदा अंथरूण काढताना लक्षात आलं, ह्यांच्या उशीला चुणी नाही. रात्रभर डोकं ठेवून झोपलेल्या माणसाची उशी, आणि दुकानातून आणल्यासारखी फुगलेली. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशीही.

नर्सबाईंच्या घराची किल्ली माझ्याकडे असते, कुंड्यांना पाणी घालायला. त्या दिवशी त्या सकाळपासून ड्यूटीवर होत्या. साडेबाराला मी पाणी घातलं आणि... तुम्ही असतात तर तुम्हीही डोकावला असतात. पलंग नीट आवरलेला. गोधडीची घडी पायथ्याशी. वर ती उशी.

उशीत मधोमध खळगा होता. डोक्याएवढा. मी बघत असताना तो हळूच डावीकडे सरकला, कूस बदलावी तसा.

मी हात ठेवला. ऊब होती. दुसऱ्या हातानं कारखान्यात फोन लावला. स्टोअरमधल्या शिपायानं उचलला.

"साहेब? आत्ता तर जागेवर होते, वहिनी. चहा अर्धा आहे, वाफ येतेय अजून. इथंच असतील कुठंतरी. बघू का?"

"बघा," मी म्हटलं. मग उशीजवळ वाकले. "अहो... उठा ना. ऑफिसात शोधतायत..."

मग अगदी जवळून, झोपेतला, रोजचाच आवाज आला.

"पाच मिनिटं."

मी फोन तसाच कानाशी धरून नर्सबाईंच्या पलंगावर बसले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.