झीलकरणीची जागा

हॉलमध्ये एकवीस खुर्च्या होत्या. एक संबळ, एक तुणतुणं, झांजांचा एक जोड, भिंतीला टेकवलेला एक फोटो आणि मधोमध निळी सतरंजी. सतरंजीवर उभं राहायच्या जागा दोन होत्या, गाणारी एकच उरली होती.

कुठेही गेलं की आधी मोजायचं, ही मैत्रेयीची जुनी खोड. फिजिक्समध्ये एमएस्सी झाल्यावर ती फरीदाबादच्या एका लॅबमध्ये एसीचे आवाज मोजायचं काम करत होती. रविवारी मेट्रो बदलत गाझियाबादला यायची. तिथल्या सोसायटीचा हा हॉल दुपारी मराठी मंडळाला मिळायचा.

तीन वर्षं या हॉलमध्ये वैजयंती गायली. सोलापूरकडच्या गोंधळ्यांच्या घरातली मुलगी. यूपीएससीच्या अभ्यासाला म्हणून दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहिलेली. आजोबांनी रचलेली देवीची पदं तिला तोंडपाठ होती. मागच्या ऑक्टोबरात डेंग्यूनं गेली, सव्विसाव्या वर्षी.

गोंधळात मुख्य गाणारा पुढे उभा राहतो आणि झीलकरी त्याच्या मागे. पुढच्याचा दम संपायच्या आत मागच्यानं ओळीचा शेवट उचलायचा आणि तोलून धरायचा, म्हणजे पुढच्याला श्वास घ्यायला सवड मिळते. वैजयंतीची झील मैत्रेयी धरायची. त्यामुळे तीन वर्षं तिनं वैजयंतीची पाठच पाहिली होती. वेणी, मानेवरचा घाम, श्वास भरताना वर येणारे खांदे.

मैत्रेयी आठ वर्षं शास्त्रीय शिकलेली, सुराला चोख. वैजयंती तशी नव्हती. पदाच्या शेवटाशी ती हलकेच सूर सोडून वर चढायची; मैत्रेयीनं रेकॉर्डिंगवर तपासलं होतं. नेमकं तिथेच लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते कशानं येतं, हे काही तिला मोजता आलं नव्हतं.

आता एप्रिलमध्ये वैजयंतीच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला आणि पद म्हणायचं मैत्रेयीकडे आलं. कार्यक्रम जमला तर यापुढे मंडळात पुढे उभं राहून गायचं तिनंच, असं विलासकाका म्हणाले होते. काका केंद्र सरकारच्या नोकरीत, संबळ वाजवायला त्यांच्यासारखा दिल्लीत कुणी नाही, हेही त्यांचंच म्हणणं.

"झील कोण धरणार?" पहिल्या तालमीला त्यांनी विचारलं.

"मी धरतो," निहार म्हणाला. तो वैजयंतीच्याच इमारतीत राहायचा. "तीनदा प्रिलिम्स दिली. मागे राहायची सवय आहे मला."

"नको," मैत्रेयी म्हणाली. "मागे कुणीच नको. मी एकटी गाते."

"दम पुरेल?"

"पुरेल."

सतरंजीच्या पुढच्या कडेला ती उभी राहिली. समोर कुणाची पाठ नव्हती. हे तिला इतकं आवडलं, की तिनं भिंतीशी ठेवलेल्या वैजयंतीच्या फोटोकडे पाहायचं टाळलं.

दम पुरला. जरा जास्तच पुरला. ओळ संपत आली की गळ्यातला ताण आपोआप सैल व्हायचा, कुणी हातातली जड पिशवी घ्यावी तसा. तिनं मागे वळून पाहिलं. सतरंजी रिकामी होती.

संबळ थांबवून काका म्हणाले, "वा! झील काय सुंदर धरलीस गं आज."

"काका, मी पद म्हटलं. झील नव्हतीच."

"अच्छा?" काका हातातल्या काडीकडे बघत राहिले. "हो, पदच म्हटलंस."

पुढच्या रविवारी काकूही आल्या, सुमित्राकाकू. डब्यात थालीपीठं होती. दोन पदं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बेटा, तू अशी मागे मागे का उभी राहतेस? आता पुढे ये ना. आता कोण आहे तिथे?"

मैत्रेयीच्या पायाचे अंगठे सतरंजीबाहेर, फरशीवर होते.

"मी पुढेच आहे, काकू."

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "बिल्कुल. तरी जराशी ये पुढे."

जिन्यात तिनं निहारला गाठलं. "खरं सांग. तुला कुणाचा आवाज येतो?"

"तुझाच की." दोन पायऱ्या उतरून तो थांबला. "पण आठवण वैजूची येते. सॉरी यार."

मैत्रेयीला राग आला. मेलेल्या माणसाचा राग धरण्यात काही तथ्य नाही, हे कळत असूनही आला. होती तेव्हा पुढे, आता नाही तरी पुढेच. रागावलेली माणसं भांडतात. मैत्रेयीनं लॅबमधून दोन माइक मागून आणले.

कार्यक्रमाच्या दिवशी तिनं एक माइक आपल्या तोंडासमोर वीतभर अंतरावर लावला. दुसरा त्याच्या बरोबर दोन मीटर मागे, जिथे झीलकरी उभा राहतो तिथे. पुढच्यावर एक टिचकी मारली, मागच्यावर दोन, म्हणजे नंतर अदलाबदल व्हायला नको.

खुर्च्या भरल्या. काही जण भिंतीशी उभे राहिले. हॉल तापला होता म्हणून उभा पंखा तिच्या तोंडावर सोडला होता.

तिनं गायला सुरुवात केली.

दुसऱ्या कडव्याला ताण सैल झाला. तिनं शेवटचा सूर घट्ट धरून ठेवला. तो तिच्याकडून कुणालाही घेऊ द्यायचा नव्हता.

सूर हलकेच वर चढला. तिनं चढवला नव्हता.

काकू रडत होत्या. निहारनं खाली मान घातली होती. बाकीचे बघत होते, पण तिच्याकडे नाही. सगळ्यांची नजर तिच्या थोडी अलीकडे थांबली होती, चेहऱ्याच्या उंचीवर.

पंख्याचा वारा तिला लागत नव्हता.

पंखा चालू होता.

शेवटी टाळ्या थांबेनात. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता पुढची जागा तुझी, पोरी."

सोमवारी लॅबमध्ये तिनं दोन्ही माइकचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावलं. टिचक्या बरोबर होत्या, पुढे एक, मागे दोन. संबळाचा आवाज काका बसले होते तिथूनच येत होता. पुढच्या माइकवर प्रत्येक ओळीआधी कुणीतरी श्वास भरत होतं. मागच्या माइकवर तो श्वास नव्हता.

मग तिनं स्वतःचा आवाज घेतला. आवाज ज्या माइकवर आधी पोचतो, गाणारा त्याच्या जवळ. किती आधी, त्यावरून अंतर काढता येतं. तिनं तीन वेगवेगळ्या ओळींवर मोजलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं.

मैत्रेयीचा आवाज मागच्या माइकवर आधी पोचला होता, पुढच्यावर पाच मिलिसेकंदांनी नंतर. अंतरातला फरक, एक मीटर एकाहत्तर सेंटीमीटर.