छत्तीस पॉइंट सहा

माझं काम थर्मामीटर तपासण्याचं. सुचावा शहराबाहेरच्या एका दूध डेअरीत टाक्यांवर चौतीस थर्मामीटर आहेत. रोज सकाळी सातला मी ते एकेक करून बर्फाच्या पाण्यात बुडवतो आणि शून्य दाखवतात की नाही ते पाहतो. नाही दाखवलं तर थर्मामीटर खोटा, बदलून टाकायचा. एकवीस वर्षं हेच करतोय आणि एवढ्या वर्षांत एकाही थर्मामीटरने मला कोड्यात टाकलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना 'एकटा माणूस, डोक्यावर परिणाम झाला असेल' असं कुणाला वाटायला नको. एकटा आहे, हे मात्र खरं.

डेअरी सुटली की माझा दुसरा उद्योग म्हणजे कॉम्प्युटर पळवणं. कारखान्याने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्यापेक्षा जास्त वेगाने त्याला चालवायचं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आई म्हणायची, "मुक्या जनावराला चाबूक मारणं." वेग वाढवला की वीज जास्त द्यावी लागते, वीज वाढली की तो तापतो. सगळा खेळ त्या तापण्यावर नजर ठेवण्याचा. नुसता बसलेला असताना पस्तीस ते पंचेचाळीस अंश. कामाला जुंपला की ऐंशीपर्यंत बिनधास्त जाऊ द्यावं. पंच्याऐंशीला हात आखडता घ्यावा. पंचाण्णवच्या पुढे तो आपणहून वेग कमी करतो, आणि तरी मालकाला अक्कल आली नाही तर शंभराच्या आसपास बंद पडून आपला जीव वाचवतो. पंख्याने त्याला कितीही वारा घातला तरी तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही, पण हवा जितकी गार तितका तोही गार. म्हणून आम्ही लोक हिवाळ्याची वाट पाहतो.

आम्ही म्हणजे चौघं. मी, गाड्यांना रंग मारणारा तिबी आणि बाकाऊ शहरातले दोन भाऊ. जानेवारीत येणाऱ्या बोबोतेझाच्या सणानंतरच्या शनिवारी, ऐन कडाक्यात, ज्याचा प्रोसेसर सगळ्यात जास्त वेगाने अर्धा तास टिकेल त्याला बाकीच्यांनी मनुक्याच्या दारूची, त्सुइकाची, बाटली द्यायची. वर्षातला तेवढा एक शनिवार माझ्या घराची बेल वाजायची.

आईला कॉम्प्युटरचं वावडं नव्हतं, वाऱ्याच्या झोताचं होतं. आमच्याकडे जुलैच्या उकाड्यातसुद्धा बसच्या खिडक्या बंद ठेवतात. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या आणि झोत लागला की दातदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं, यावर आमच्या इमारतीत कुणाचंच दुमत नाही. माझी खिडकी उघडी दिसली की आई लावायची. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर तिने क्रोशाचा रुमाल घातला होता, मी काढायचो, ती पुन्हा घालायची. येता-जाता लहान मुलाच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात त्याला लावायची. "आज अंग कोमट आहे हो याचं," म्हणायची. तिच्या लेखी आकडा एकच होता, छत्तीस पॉइंट सहा. काखेत थर्मामीटर धरून तेवढा आला की माणूस ठणठणीत.

गेल्या जानेवारीत स्पर्धेच्या आधी मी मोठी चाचणी लावून डेअरीत गेलो. खिडकी उघडी, बाहेर उणे नऊ. पंखा घुमत होता. आईला वाटलं, कॉम्प्युटर थंडीने कुडकुडतोय. तिने खिडकी लावली आणि स्वतःची लोकरी शाल कॅबिनेटला गच्च गुंडाळली. सत्त्याण्णव अंशांवर वेग कोसळला, मग सगळंच बंद पडलं. आठ तासांची चाचणी मातीत गेली.

"हा माणूस नाहीये, आई! याला थंडीच हवी असते!" मी ओरडलो.

"थंडी कुणालाच नको असते रे," ती म्हणाली.

"तू माझ्या खोलीत पाऊल टाकू नकोस. कळलं?"

तिने शाल सोडवली, घडी केली आणि गेली. त्यानंतर ती माझ्या खोलीत आली नाही. जेवणाचं ताट घेऊन यायची, दार वाजवायची आणि उंबरठ्याबाहेर उभी राहायची. मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी स्वयंपाकघरात तिचं हृदय थांबलं. माफी मागायची राहून गेली. नऊ महिने होते माझ्याकडे.

आईचा चाळिसावा दिवस झाला, लोकांनी गोड गव्हाची कोलिवा खाल्ली आणि आपापल्या घरी गेले. डिसेंबरच्या मध्यावर मी खिडकीचं एक दार सताड उघडलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. आता लावणारं कुणी नव्हतं. खोलीत चार अंश होते. प्रोसेसर फार तर पंधरा दाखवेल असा माझा अंदाज होता.

पडद्यावर ३६.६ होतं.

प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक मी उतरवला, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. ३६.६. दुसरा प्रोग्रॅम घालून पाहिलं, तोच आकडा. पूर्ण भार टाकला. आता सत्तरीला जायला हवा होता, तर एक दशांशही हलला नाही. वेग वाढवला, मग शहाण्या माणसाने देऊ नये एवढी वीज दिली. तो गुमान पळत राहिला, ३६.६वर. सेन्सर मेला म्हणायचा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी डेअरीतला, मी स्वतः बर्फात तपासलेला थर्मामीटर घरी आणला आणि त्याचं टोक हीटसिंकच्या बुडाला टेकवलं. त्यानेही ३६.६ दाखवलं. मी खुर्ची मागे सरकवली.

मग मी उलटा हात कॅबिनेटवर ठेवला. लोखंडाची ऊब एका ठिकाणी चटका आणि दुसऱ्या ठिकाणी गार अशी असते. ही तशी नव्हती. सगळीकडे सारखी होती, आणि मऊ. आईला जाऊन सात आठवडे झाले होते. तेवढ्या काळात मी कुणालाच हात लावलेला नव्हता. मी बराच वेळ हात काढला नाही.

त्यानंतर मी कॉम्प्युटर बंद करेनासा झालो. खिडकीही लावायचं राहू लागलं, कारण थंडी वाजतच नव्हती. जेवणाची आठवण होत नसे. डेअरीत बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवली तर झोंबत नसत. एकदा कचरा टाकायला खाली गेलो तर तळमजल्यावरच्या झेनोवियाकाकूंनी जिन्यातच गाठलं.

"उणे बारात नुसत्या शर्टावर? आई असती तर कान धरला असता तुझा!"

"थंडी नाहीये, काकू."

"थंडी नाहीये म्हणे! घे, कोबीच्या पानातले सरमाले केलेत, गरम आहेत तोवर खा." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. बोटांना बोटं लागली तशी त्या थांबल्या, हात एप्रनला पुसला आणि घाईने आपल्या दारात शिरल्या.

नववर्षानंतर इमारतीच्या वायरिंगच्या कामासाठी एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला. दहा मिनिटांत माझी बोटं ठणकायला लागली. दात वाजायला लागले. पोटात भुकेने आग पडली, मी झेनोवियाकाकूंचे शिळे सरमाले उभ्याउभ्या हाताने खाल्ले. आणि मग मी रडलो. अंत्ययात्रेत रडलो नव्हतो तेवढं रडलो, भिंतीला टेकून, जॅकेटमध्ये तोंड खुपसून. घर इतकं रिकामं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. दोन तासांनी वीज आली. मी बटण दाबलं, आकडा आला, आणि पाचेक मिनिटांत थंडी, भूक, रडू सगळं ओसरलं. यातलं काय कशाला बांधलेलं आहे ते मला त्या दिवशी नीट कळलं. कसं, ते नाही.

शनिवारी दुपारी तिबी आला. नाक लाल, हातात बाटली.

"काय रे, घर आहे की शीतगृह? बाकाऊवाल्यांनी हात टेकले. तुझा किती?"

मी पडदा दाखवला. त्याने वेग वाचला. शिट्टी मारली. मग तापमान वाचलं.

"लेका, मला शेंड्या लावतोस? या वेगाला छत्तीस?"

"मोजून बघ."

रंग वाळवताना तो गाड्यांच्या पत्र्यावर धरतो तो बंदुकीसारखा थर्मामीटर त्याच्या खिशातच होता. त्याने तो आधी भिंतीवर धरला. दोन अंश. मग कॅबिनेटचं झाकण काढून आत. छत्तीस पॉइंट सहा.

"आयला," तो म्हणाला, आणि हसत हसत ती बंदूक माझ्या कपाळावर रोखली. "हात वर!"

हसू तसंच राहिलं, पण डोळे छोट्या पडद्यावर खिळले. त्याने काच बाहीला पुसली. स्वतःच्या कपाळावर धरली. पुन्हा माझ्या.

"किती?" मी विचारलं.

"सेल गेलेत बहुतेक."

"तिबी, किती?"

त्याने बंदूक खिशात घातली. "भिंतीएवढे." आवाज बारीक झाला होता. "बंद कर ते. आत्ता. माझ्यासमोर."

"बंद केलं तर मी या घरात एकटा उरतो रे."

"माझ्याकडे राहायला ये. सोफा आहे, कार्मेन काही म्हणणार नाही. चल ना, यार."

तो खरंच म्हणत होता. मी बटणापर्यंत हात नेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला ते दिसत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं.

"तू हो पुढे. मी बंद करून येतो."

तो दारात दोनदा वळला. मग जिन्यात त्याचे बूट वाजत खाली गेले.

मी कॅबिनेटचं झाकण बसवलं. पुढचा भाग काचेचा आहे, जपून बसवावा लागतो. बटण अंगठ्याखाली होतं.

दाबलं की ती जाईल, किंवा पुन्हा उंबरठ्याबाहेर उभी राहील.

"आत ये," मी म्हणालो. "चुकलं माझं."

अंगठा काढून घेतला. कपाटातून तिची लोकरी शाल आणली आणि कॅबिनेटच्या खांद्यांवर घातली, काच तेवढी उघडी ठेवून. आकडा हलला नाही.

मग खिडकी लावली. झोत नको.

खाली अंगणात तिबी थांबून वर बघत होता. त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. हात हलवायला मी काचेच्या अगदी जवळ गेलो, नाक टेकलं, आणि त्याचं नाव घेतलं.

माझ्यासमोरची काच स्वच्छच राहिली.

मागे वळून पाहिलं. कॅबिनेटची काच आतून धुरकट झाली होती. ती हळूहळू निवळली, आणि पुन्हा धुरकट झाली.