बत्तीस मजले आणि एक कमान

"आधी खाली उतरा! हेल्मेट कुठंय तुमचं?"

परांचीवरचा तरुण वळला. कोपरापर्यंत हात चुन्यानं पांढरे. "डोक्यात अख्खी भिंत आहे मॅडम... हेल्मेट मावत नाही."

अर्शियाला रागवायचं होतं, पण ओठ हसून मोकळे झाले. गुलटेकडीच्या या जुन्या दगडी वखारीच्या डोक्यावर तिनं आखलेला बत्तीस मजली काचेचा टॉवर उभा राहणार होता. तिचा पहिलाच! आणि हा उजैर, वखारीच्या डागडुजीसाठी नेमलेला चुन्याच्या कामाचा कारागीर.

तिसऱ्या दिवशी त्यानं तिला कमानीखाली बोलावलं. "तुमचा खांब हिच्या छातीतून जातोय."

"नकाशात दुसरी जागाच नाही."

"एकदा हात तर लावून बघा..."

तिनं तळवा टेकवला. बाहेर रणरणतं ऊन आणि दगड गार. वीतभर अंतरावर त्याचा हात होता. त्याच्या पापण्यांवरही चुना उडालेला — 'अगं, कमान बघ, पापण्या काय बघतेस!' तिनं स्वतःलाच दटावलं.

आठवडाभर खपून तिनं नकाशातला तो खांब बदलला. आता दोन तिरके खांब कमानीच्या अल्याड-पल्याड उतरत होते. तिच्या ऑफिसातले साहेब मात्र भडकले. "नकाशे पास झालेत. आता मालकांनाच विचार."

मालक म्हणजे धायरीचे हिंदुराव. ते नव्या चित्राकडे बघतच राहिले. "पोरी, ह्यो टावर तर पाय फाकून उभा हाय!"

"कमानीला वाट देतोय, काका." तिनं चित्रातल्या कमानीवर बोट ठेवलं. "ती पाडायची असेल, तर... टॉवर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

हिंदुराव खळखळून हसले. "ऱ्हाऊ दे कमान. आमच्या बाच्या गुळाच्या ढेपा ह्याच दारातनं आत जायच्या."

ती धावतच वखारीत आली. उजैर चुना कालवत होता.

"वाचली?"

तिनं धापा टाकत मान डोलावली.

"माझं ऐकलंत तुम्ही!"

"तुमचं कुठं? कमानीचं ऐकलं."

"मग माझं कधी ऐकणार?"

"तुम्ही बोललात कुठं अजून...?"

त्यानं शर्टाला हात पुसले. शर्टच पांढरा झाला. "अर्शिया, इथलं काम दोन वर्षांत संपेल. त्यानंतरही... रोज तुम्हाला बघायचंय मला. आयुष्यभर."

"मग दोन वर्षं कशाला थांबायचं?" ती लाजत म्हणाली, "उद्या संध्याकाळी घरी या. अम्मी-अब्बू असतील. आणि — हात धुऊन या!"

म्हणाली खरी, पण चुन्यानं भरलेला त्याचा हात तिनंच आधी धरला.